चाळीस मिनिटांची बॅटरी

पहिला पाऊस पडला, वारा सुटला आणि आमच्या चिपळूणकडच्या घरातली लाईट गेली. इन्व्हर्टरवर दोन पंखे आणि चार दिवे एरवी चार तास चालायचे. या वेळी चाळीस मिनिटांत टूं टूं करून सगळं गप्प. दुकानदार म्हणाला, "काका, बॅटरी गेली. नवीनच घ्या." १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणुकीचं माप), जेमतेम तीन वर्षांची बॅटरी. मन मानेना.

सकाळी सगळं बंद करून बघितलं. सहापैकी चार झाकणांतले पाण्याची पातळी दाखवणारे तरंगते दांडे लाल खुणेखाली. टर्मिनलवर हिरवट-पांढरी पूड साचलेली. (उन्हाळाभर पाणी बघायचं काम माझ्याकडे होतं, हे बायकोने दोनदा ऐकवलं.) आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह केबल काढली. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासलं. सोडा आत जाता कामा नये, म्हणून झाकणं घट्ट ठेवली. फेस बसला आणि खालचं शिसं दिसायला लागलं. पुसून नट आवळले, वर व्हॅसलीन. मग हिरव्या खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर; जवळजवळ तीन लिटर प्यायली! फिल्टरचं पाणी नको, ॲसिड तर अजिबात नको.

दीड दिवस चार्जिंग केल्यावर हायड्रोमीटरवर (आतल्या ॲसिडची घनता मोजायची नळी; घनता जास्त म्हणजे चार्ज जास्त) पाच सेल, म्हणजे बॅटरीचे कप्पे, १.२४, सहावा जरा कमी, १.२१. आता तीन तास निघतात.

कॅम्पिंगला हे धूड नेता येत नाही, म्हणून भाचा ५०० वॅट-अवर वीज साठवणारं पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारी बॅटरीची पेटी, आणतोय. आउटपुटही, म्हणजे एका वेळी देता येणारी वीज, ५०० वॅटच. त्याला म्हटलं, १५०० वॅटची किटली घरीच ठेव, चहा चुलीवर करू.