धुक्यात मागून दिसायचं असेल तर सायकलचा टेल लाइट कसा निवडावा

जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्याहून कासकडे सायकल काढली की समर्थ मंदिर मागे पडतं आणि यवतेश्वरचा घाट सुरू होतो. पहिल्या वळणांवरून खाली शहर दिसत असतं. मग ढग रस्त्यावर उतरतो. सकाळचे आठ वाजलेले असतात, उजेड भरपूर असतो, पण तो सगळा पांढरा उजेड डोळ्यांसमोर पडद्यासारखा उभा राहतो आणि पन्नास मीटरपलीकडचं काही कळत नाही. दिवस आहे म्हणून मागून येणाऱ्या कित्येक गाड्यांनी हेडलाइटसुद्धा लावलेले नसतात.

सायकलचा मागचा दिवा घेताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काळोखी रात्र असते. माझं सांगणं असं, की टेल लाइट धुक्यातल्या सकाळसाठी निवडा. जो दिवा त्या पांढऱ्या उजेडात लांबून दिसतो, तो रात्री दिसतोच. उलट मात्र घडत नाही.

१. आधी आपला रस्ता आणि वेळ बघा

साताऱ्यात रस्त्यावर नीट न दिसण्याचे दोन हंगाम आहेत. पावसाळ्यात कास, ठोसेघर, महाबळेश्वर या वरच्या रस्त्यांवर दिवसभर धुकं आणि पाऊस. हिवाळ्यात पहाटे कृष्णाकाठचं धुकं. माहुलीच्या पुलावरून कोरेगावकडे जाणाऱ्यांना ते चांगलं ठाऊक आहे. त्याच दिवसांत उसाचा गाळप हंगाम चालू असतो, म्हणजे रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि त्यांना ओव्हरटेक करायला घाईला आलेल्या गाड्या. ट्रॉलीला वळसा घालून डावीकडे परत येणाऱ्या गाडीवाल्याला तुम्ही अगदी शेवटच्या क्षणी दिसता.

सज्जनगडाच्या वाटेवरचा बोगदा हा तिसरा प्रकार. बाहेरच्या उन्हातून आत शिरणाऱ्या माणसाचे डोळे अंधाराला सरावलेले नसतात, त्यामुळे भर दुपारीही तिथे मागचा दिवा चालू हवा.

तुम्ही फक्त शहरात, राजवाडा ते पोवई नाका एवढंच फिरत असाल आणि रस्त्यावर दिवे असतील, तर साधा दिवा पुरतो. घाट किंवा हायवे असेल तर पुढचं सगळं वाचा.

२. ल्युमेनचा आकडा कशाचा आहे ते समजून घ्या

दुकानात विचारलं की उत्तर येतं, "दादा, हा घ्या, लांबनं दिसतोय बघा, शंभर ल्युमेन हाय." ल्युमेन म्हणजे दिव्यातून सगळ्या दिशांना मिळून निघणारा एकूण प्रकाश. मागच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत किती जातो ते कँडेला या मापाने कळतं, आणि ते खोक्यावर क्वचितच छापलेलं असतं. १०० ल्युमेन ६० अंशांच्या शंकूत कोंबले तर त्या दिशेला सुमारे १२० कँडेला मिळतात. तेच १०० ल्युमेन मागच्या संपूर्ण अर्धगोलात सारखे पसरले तर जेमतेम १६. आकडा एकच, पण घाटातला फरक सातपटीचा.

मोटारींचं उदाहरण घ्या. युरोपातल्या नियमांत गाडीच्या साध्या टेल लाइटला साधारण ४ ते १७ कँडेला चालतात, पण मागच्या फॉग लॅम्पला किमान १५० लागतात आणि कमाल ३००. म्हणजे धुक्यासाठी दहापट किंवा त्याहून अधिक प्रखर दिवा हवा, हे गाड्या बनवणाऱ्यांनी केव्हाच मान्य केलंय.

आता ढोबळ हिशेब करू. दिवसा, पन्नास मीटर दिसेल एवढ्या धुक्यात, १० कँडेलाचा दिवा सुमारे ३५ मीटरवर दिसतो. म्हणजे दिव्याआधी तुमची सायकलच दिसेल. दिवा असून नसल्यासारखा. १०० कँडेलाचा ५५-६० मीटरवर दिसतो आणि ३०० चा ७० मीटरच्या आसपास. रात्री त्याच धुक्यात १० कँडेलाचा दिवासुद्धा ८० मीटरवरून कळू शकतो, कारण भोवती अंधार असतो.

याला ब्रेकचा हिशेब जोडा. ताशी ४० किलोमीटरने येणाऱ्या गाडीला ओल्या रस्त्यावर, ड्रायव्हरला भान यायचा दीड सेकंद धरून, थांबायला साधारण ३२ मीटर लागतात. ताशी ६० ने असेल तर ६० मीटर. १० कँडेलाच्या दिव्याने ३५ मीटर मिळाले तर ताशी ४० वाला कसाबसा थांबेल, ६० वाला थांबणार नाही. १०० कँडेलाच्या दिव्याने ६० वाल्यालाही निदान वेग मोडून बाजूने जायला जागा मिळते. मात्र धुकं प्रकाश झपाट्याने खातं, त्यामुळे १०० चे ३०० केले तरी जेमतेम दहा-बारा मीटर पदरात पडतात. म्हणून फार पुढच्या आकड्यांमागे धावून पैसे घालवण्यात अर्थ नाही.

खरेदीपुरतं एवढं धरा: दिवसाच्या मोडमध्ये १०० ल्युमेन किंवा जास्त, आणि प्रकाश मागच्या दिशेने एकवटणारी काच. खोक्यावरचा मोठा आकडा बहुधा फक्त एकाच, दिवसा वापरायच्या फ्लॅश म्हणजे लुकलुकत्या मोडचा असतो. त्यामुळे मागे छापलेला मोडचा तक्ता वाचा आणि स्थिर मोडला किती ल्युमेन आहेत ते बघा. तिथे ५ ल्युमेन लिहिलं असेल तर तो दिवा घेऊ नका.

एक समजही काढून टाकू. लाल रंग धुकं भेदून जातो असं सर्रास सांगतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात आणि सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. म्हणून तर धुकं पांढरं दिसतं. मागचा दिवा लाल हवा तो ओळखीसाठी. लाल म्हणजे गाडीची मागची बाजू, हे प्रत्येक ड्रायव्हरच्या अंगवळणी पडलेलं आहे. निळे, हिरवे, रंग बदलणारे दिवे मागे लावू नका. मागून येणाऱ्याचा गोंधळ होतो.

३. वळणावरही दिसला पाहिजे

यवतेश्वरला किंवा वाईहून पाचगणीला चढताना पसरणी घाटात मागची गाडी क्वचितच तुमच्या सरळ रेषेत असते. वळणावर तुमचा दिवा दरडीकडे किंवा दरीकडे रोखलेला असतो आणि गाडी तिरकी येते. नुसता अरुंद, प्रखर झोत असलेला दिवा अशा ठिकाणी उपयोगाला येत नाही. काचेच्या दोन्ही कडांना खाचा किंवा पारदर्शक पट्ट्या असलेला दिवा घ्या, म्हणजे बाजूनेही लाल दिसेल. दुकानात दिवा चालू करून टेबलावर ठेवा आणि समोरून बाजूला सरकत जा. ४५ अंशांपर्यंत तो ठळक दिसायला हवा आणि ९० अंशांवर निदान चालू असल्याचं कळायला हवं.

४. स्थिर आणि लुकलुकता, दोन्ही

लुकलुकता दिवा लक्ष पटकन वेधतो, यात शंका नाही. पण दोन चमकांच्या मधल्या काळोखात मागच्याला तुम्ही किती लांब आहात, कोणत्या वेगाने चाललाय याचा अंदाज येत नाही. धुक्यात रस्त्याची कडसुद्धा दिसत नसते, तिथे हा अंदाज फार मोलाचा. म्हणून दोन दिवे लावावेत असं माझं ठाम मत आहे. एक सीटखालच्या दांडीवर, स्थिर. दुसरा कॅरिअरवर किंवा मडगार्डवर, लुकलुकता. दिवसा प्रखर फ्लॅश ठेवा. एका महागड्या दिव्याऐवजी मध्यम किमतीचे दोन घ्या. एक वाटेत बंद पडला तरी दुसरा असतो.

एकच दिवा परवडत असेल तर पल्स मोड असलेला शोधा. त्यात दिवा पूर्ण विझत नाही, मंद जळत राहतो आणि मधूनमधून उजळतो.

ग्रुपने जात असाल तर प्रखर फ्लॅश फक्त शेवटच्याने लावावा. तुमच्या चाकामागे चढणाऱ्याच्या डोळ्यांत तो फ्लॅश तासभर मारत राहिला तर त्याला रस्त्यातले खड्डे दिसणार नाहीत.

रडार असलेले टेल लाइटही मिळतात. गार्मिन कंपनीचा व्हेरिया मागून येणारी गाडी १४० मीटरपर्यंत टिपून हँडलवरच्या स्क्रीनवर दाखवतो. सोय चांगली आहे, पण तो तुम्हाला गाडी दाखवतो. गाडीवाल्याला तुम्ही दिसता ते प्रकाशामुळेच. आधी प्रकाशावर खर्च करा.

५. पाणी आणि बॅटरी

खोक्यावर आयपी या अक्षरांपुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीची चाचणी घेतलेली नसेल तर पहिल्याच्या जागी एक्स. पाण्याचा ४ म्हणजे शिंतोडे सोसणारा, ६ म्हणजे जोराच्या फवाऱ्याला टिकणारा, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून तपासलेला. आपल्याकडचा पाऊस आणि मागच्या चाकाने उडवलेला चिखल बघता पाण्याचा आकडा ६ हवा. ७ लिहिलेला दिवा फवारा सोसेलच असं नाही, कारण ती चाचणी वेगळी आहे. दोन्ही लिहिलेले असतील तर उत्तम.

पाणी शिरतं ते बहुधा चार्जिंगच्या तोंडातून. त्यावरचं रबरी झाकण बोटाने उघडून बघा. ते घट्ट बसतंय का, पातळ पट्टीवर लोंबकळतंय का? तुटायला आलेलं झाकण एका पावसाळ्यात जातं. टाइप-सीचं तोंड असेल तर मोबाइलचीच केबल चालते. भिजून आल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका. झाकण उघडून, पुसून, रात्रभर कोरडं होऊ द्या. ओल्या पिनांना गंज धरतो.

बॅटरीचे तास बघताना तुम्ही वापरणार त्याच मोडचे बघा. "४० तास" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ते सगळ्यात मंद फ्लॅशचं. सातारा ते कास साधारण २५ किलोमीटर. चढण, थांबणं, परत येणं धरून चार-पाच तास सहज जातात. तेवढा वेळ प्रखर मोड टिकायला हवा. काही दिवे बॅटरी उतरत जाईल तसे हळूहळू मंद होतात आणि ते सायकल चालवणाऱ्याला कळतच नाही. बॅटरी कमी झाल्याची खूण बटणाजवळ दिसणारा दिवा घ्या. नाण्यासारख्या सेलवर चालणारे छोटे दिवे फक्त राखीव म्हणून ठेवा, प्रखरतेत ते कमी पडतात.

६. घरी आणल्यावर तपासा

पूर्ण चार्ज करून वापरायच्या मोडवर लावा आणि किती तासांनी मंद होतो ते बघा. मग नळाच्या धारेखाली पाच मिनिटं, सगळ्या बाजूंनी फिरवत. पुसून काचेच्या आतून बघा. आत वाफ धरली असेल तर लगेच बदलून आणा.

त्यानंतरची परीक्षा सकाळच्या उजेडात. सायकल एखाद्या सरळ, कमी रहदारीच्या रस्त्याच्या कडेला स्टँडवर लावा, दिवा चालू करा आणि शंभर पावलं मागे जा. मित्राची गाडी असेल तर तिच्यात बसून, पुढच्या काचेवर पाणी मारून, वायपर बंद ठेवून बघा. थेंबांतून लाल ठिपका ओळखू येतो की थेंबांबरोबरच पसरून फिका होतो, हे एका नजरेत कळतं. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मात्र ठरवू नका, कॅमेरा प्रकाश आपोआप कमी-जास्त करतो.

७. बसवताना

दिव्याचा झोत रस्त्याला समांतर, सरळ मागे. सीटची दांडी तिरकी असते, त्यामुळे तिथे लावलेला दिवा पुष्कळदा जमिनीकडे किंवा आभाळाकडे बघत राहतो. एवढ्या मेहनतीने निवडलेल्या झोताचा मधला भाग मग ड्रायव्हरच्या डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. पाच-सहा पावलं मागे जाऊन, गाडीत बसलेल्या माणसाच्या उंचीला वाकून बघा आणि पट्टा सैल करून कोन जुळवा. रबरी पट्टा दांडीच्या जाडीला घट्ट बसायला हवा, खड्ड्यांत तो हळूहळू फिरतो.

सीटखालची पिशवी दिव्यावर येत नाही ना ते पाहा. रेनकोट किंवा पोंचो घालून सायकलवर बसा आणि दुसऱ्याला मागून बघायला सांगा. पोंचोची मागची झूल सीटच्या दांडीवरचा दिवा पूर्ण झाकते. पावसाळ्यात म्हणूनच मुख्य दिवा कॅरिअरच्या मागच्या टोकाला लावलेला बरा. दुधाचे कॅन किंवा मोठ्या पिशव्या लटकवत असाल तर दिवा त्यांच्याही मागे, थोडा उजवीकडे.

लाल रिफ्लेक्टर काढू नका. दिवा बंद पडला तर रात्री तोच आधार. पण गाडीचा हेडलाइट त्याच्यावर पडला तरच तो चमकतो आणि धुक्यात तो उजेड जाताना एकदा, येताना एकदा असा दोनदा विरतो. त्यामुळे सकाळच्या धुक्यात त्याच्या भरवशावर राहता येत नाही. घाटात थांबून काच बोटाने पुसत चला. मागच्या चाकाच्या चिखलाचा एक थर बसला की शंभर ल्युमेनमधले बरेचसे तिथेच अडतात, आणि अशा पावसात तो थर बसायला वेळ लागत नाही.