पावसात अडणारं लाकडी फाटक

फाटक अडायला लागलं की जो तो रंधा शोधतो. रंधा राहू द्या. आधी कडीच्या बाजूने फाटक धरून वर उचलून बघा. खुळखुळलं तर दुखणं लाकडाचं नाही, बिजागरीचं आहे. खाली उतरलेल्या फाटकाची कडीकडची फट वर बारीक आणि खाली रुंद दिसते, शिवाय खालचा कोपरा जमीन खरवडतो. फुगलेल्या फाटकाची फट वरपासून खालपर्यंत सारखीच मिटते.

बिजागरी सैल असेल तर स्क्रू काढून भोकात गोंद लावलेली लाकडाची काडी ठोका, सुकली की नवं बारीक भोक पाडून स्क्रू आवळा. तिरकी पट्टीही तपासा. ती खालच्या बिजागरीकडून कडीच्या वरच्या कोपऱ्याकडे चढायला हवी. उलटी ठोकलेली लाकडी पट्टी काही भार पेलत नाही, आणि अशी फाटकं मी भरपूर पाहिली आहेत!

आता खरंच फुगलेलं फाटक. लाकूड लांबीत जवळपास वाढत नाही, रुंदीत वाढतं. उभ्या फळ्या चिकटून बसवलेलं मीटरभराचं फाटक एक टक्का फुगलं तरी सेंटिमीटरभर पसरतं. पण पाऊस गेला की ते पुन्हा आकसणार. आज भरपूर तासलंत तर उन्हाळ्यात कडी कोयंड्यापर्यंत पोचायची नाही. म्हणून तूर्तास घासणाऱ्या कडेवर मेणबत्ती चोळा. तेवढ्याने भागलं नाही तर खांबाच्या कडेला खडू फासून फाटक लावा, फाटकावर जिथे खडू उमटेल तेवढंच तासा. ओल्या लाकडाचे तंतू उपटतात, त्यामुळे रंध्याचं पातं धारदार हवं आणि हात हलका. खालची कड तासायची असेल तर दोन्ही टोकांकडून मध्याकडे या, नाहीतर शेवटच्या फळीची कपची उडते.

बाकीचं काम कोरड्या दिवसांत. फळ्यांची कापलेली टोकं सगळ्यात जास्त पाणी पितात, आणि खालची टोकं रंगवायची हमखास राहून जातात. फाटक उतरवून आडवं करा, टोकांना जवसाचं तेल मुरायचं थांबेपर्यंत पाजा, वरचं जास्तीचं पुसून घ्या. तासलेल्या कोऱ्या कडेलाही तेच. तेलाची फडकी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. बाहेर मोकळ्यावर पसरून वाळवा.