बीएस्सी फिजिक्स करून शिक्षक व्हायचंय? या चुका टाळा

सबमिशनचा आठवडा आला की ठाणे–वाशी लोकलमध्ये मांडीवर जर्नल ठेवून रीडिंग उतरवणारी पोरं दिसतात. ऐरोलीला सुरू केलेला लंबक तुर्भ्याच्या आत संपतो. मीही हेच केलंय, त्यामुळे ओरडायचा हक्क नाही. पण पुढे शाळेत विज्ञान शिकवायचं असेल तर ही सवय नडते.

लंबकाचंच घ्या. 1 मीटर लांबीचा लंबक एका दोलनाला जवळपास 2 सेकंद घेतो, 20 दोलनांना साधारण 40.1. स्टॉपवॉच दाबताना तोंडातून ‘एक’ निघतं, निघायला हवं ‘शून्य’. ‘एक’पासून मोजलं की ‘वीस’ म्हणेपर्यंत दोलनं 19च झालेली असतात. घड्याळ 38.1 दाखवतं, भागाकार मात्र आपण 20नेच करतो आणि g, म्हणजे गुरुत्व त्वरण, येतं 10.86 च्या आसपास. मग शेजारच्याच्या वहीतला 9.8 बघून आकडे ‘बसवायचे’! त्यापेक्षा 10 दोलनांचंही रीडिंग घ्या. तिथे एका दोलनाला 1.81 सेकंद आणि 20 दोलनांवरून 1.91 आलं, तर मोजणीच चुकली. आणि g 9.7 वर अडकला तर लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत घेतली की नुसती दोऱ्याच्या टोकापर्यंत, ते तपासा. उद्या तुमच्या वर्गातली मुलंही ‘एक’पासूनच मोजणार आहेत. चूक कुठे झाली हे त्यांना सांगायचं तर ती आधी तुम्ही स्वतः पकडलेली हवी.

ओहमच्या नियमाच्या प्रयोगाचंही तसंच. मीटरचा काटा उलटा गेला तर टोकं उलटी जोडलीत. अमीटर जेमतेम हलतो? व्होल्टमीटर एकसरीत बसलाय का बघा.

दुसरी चूक म्हणजे केमिस्ट्री सुटली म्हणून हुश्श करणं. 2018 साली आलेल्या दहावीच्या विज्ञान भाग 1 मध्ये 10 धडे आहेत, त्यातले 4 सरळ रसायनशास्त्राचे. शाळेत ‘मी फक्त फिजिक्सचा’ म्हणून चालत नाही, भाग 2 मधली पेशी आणि आनुवंशिकताही तुमच्याच गळ्यात पडू शकते.

कागदोपत्री बाजू थोडक्यात. बी.एड. 2 वर्षांचं आहे, त्यासाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि पदवीला खुल्या प्रवर्गात किमान 50 टक्के लागतात. एटीकेटी घेत, म्हणजे नापास विषय मागे ठेवून पुढच्या वर्षात जात, ‘निघतंय ना’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा आताच बघावा. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर 2 असतो, त्यात 150 पैकी 60 गुण गणित-विज्ञानाचे.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र भाषेची. कॉलेजात सगळं इंग्रजीतून, आणि बी.एड.चा सरावपाठ मिळाला ठाण्यातल्या एका मराठी शाळेत, दहावीला. फळ्यावर सर्किट काढलं, पोटेन्शियल डिफरन्सपाशी आलो आणि जीभ अडली. ‘व्होल्टेजमधला तो... फरक,’ असं काहीतरी पुटपुटलो. तिसऱ्या बाकावरून एक मुलगी हळूच म्हणाली, ‘सर, विभवांतर.’ मागे बसलेल्या निरीक्षक मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं.

त्याच संध्याकाळी बालभारतीची नववी-दहावीची पुस्तकं घेतली. तुम्ही ती एफवायलाच, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षीच घ्या. अपवर्तन, अपस्करण, संवेग, त्वरण हे शब्द लोकलमध्ये मित्राला समजावताना मोठ्यानं म्हणा. समोरचे काका वळून बघतील, बघू देत.