धमनीकाठिण्य रोखणाऱ्या औषधाची प्राण्यांवर चाचणी कशी आखावी

धमनीकाठिण्य म्हणजे धमन्यांच्या भिंतींत मेद साचून त्या कडक व अरुंद होणे. ते रोखणाऱ्या औषधाच्या चाचणीत पहिला निर्णय प्राण्याचा असतो. साधे रॅट आणि माउस यांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल मुख्यतः एचडीएलच्या, म्हणजे ‘चांगल्या’ कोलेस्टेरॉलच्या, रूपात असते, त्यामुळे नुसत्या मेदयुक्त खाद्याने त्यांच्या धमन्यांत फारसे काही साचत नाही. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एन्डो यांना सापडलेल्या पहिल्या स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाने, रॅटचे कोलेस्टेरॉल उतरले नव्हते, मात्र कोंबड्या आणि कुत्र्यांमध्ये ते उतरले. म्हणून रक्तातले कोलेस्टेरॉल हटवण्यास मदत करणारे एपीओई जनुक निकामी केलेले माउस घ्यावेत, किंवा ससे. रशियन शास्त्रज्ञ अनिचकोव्ह यांनी १९१३ मध्ये कोलेस्टेरॉल खाऊ घालून महाधमनीत विकृती (मेदाचे थर) निर्माण केली, ती सशांतच. पुढची आखणी सशांसाठी आहे.

प्राणी मागवण्यापूर्वी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी घ्यावी आणि प्रत्येक गटातील संख्या गणिताने ठरवावी. ससे रुळल्यावर कानाच्या शिरेतून रक्त घेऊन मूळ कोलेस्टेरॉल मोजावे व त्यानुसार समतोल राखून चिठ्ठ्यांनी गट पाडावेत: साधे खाद्य, कोलेस्टेरॉलयुक्त खाद्य, त्याच खाद्यासोबत चाचणीचे औषध, आणि तुलनेसाठी प्रचलित स्टॅटिन अ‍ॅटोरव्हास्टॅटिन. खाद्यात कोलेस्टेरॉल सुमारे ०.५ टक्के पुरे. जास्त दिल्यास यकृतच बिघडते. औषध खाद्याच्या पहिल्याच दिवसापासून सुरू करावे, कारण विकृती तयार झाल्यावर दिलेले औषध प्रतिबंधाची नव्हे, तर उपचाराची परीक्षा ठरते.

सर्वाधिक काळजी हवी ती रोजच्या खाद्याच्या नोंदीची. औषधामुळे ससा कमी खाऊ लागला, तर त्याच्या पोटात कोलेस्टेरॉलही कमी जाते आणि निरुपयोगी औषध गुणकारी भासते. म्हणून औषध खाद्यात न मिसळता नळीने पोटात द्यावे आणि उरलेले खाद्य रोज तोलावे. नागपूरसारख्या उष्ण शहरात हा धोका दुप्पट आहे. सशाला घाम येत नाही, तो कानांवाटे उष्णता टाकतो, आणि उकाड्यात त्याचे खाणे घटते. पारा ४५ अंशांजवळ जाणाऱ्या मे महिन्यात कूलरच्या भरवशावर प्रयोग ठेवू नये. बारा आठवड्यांचा प्रयोग नोव्हेंबरात सुरू करून फेब्रुवारीत संपवणे मला सर्वांत सुरक्षित वाटते. एरवी वातानुकूलन आणि जनरेटर दोन्ही हवेत.

शेवटी महाधमनी लांबीने उघडून मेदाला लाल करणाऱ्या ऑइल रेड ओ या रंगाने रंगवावी, आणि लाल झालेल्या भागाची टक्केवारी गट ठाऊक नसलेल्या व्यक्तीने मोजावी. ही टक्केवारी, रक्तातील कोलेस्टेरॉल आणि खाल्लेले खाद्य प्रत्येक सशासाठी एकाच तक्त्यात मांडावे. खाद्य सारखेच असून कोलेस्टेरॉल व विकृती दोन्ही घटल्या, तर औषध मेदावर काम करत असावे. कोलेस्टेरॉल तेवढेच राहून विकृती घटली, तर त्याचा परिणाम धमनीच्या भिंतीत शोधावा.