ट्रॅकवरच्या स्पोर्ट्स कारसाठी पुढच्या आणि मागच्या टायरचे माप कसे ठरवावे

मागच्या फेंडरखाली (चाकावरच्या पत्र्याच्या कमानीखाली) मावेल तेवढा रुंद टायर बसवला की ट्रॅकची तयारी झाली, असा समज सर्रास आढळतो. मागे रुंद टायर बसवणे सोपे असते, कारण ते चाक वळत नाही. पुढच्या चाकाला मात्र डावी-उजवीकडे पूर्ण वळण्याइतकी जागा लागते, आणि गाडी वळणात शिरणार की सरळ ओढली जाणार हे मुख्यतः त्याच टायरवर ठरते. म्हणून पुढे अडथळ्याशिवाय जास्तीत जास्त किती रुंदी बसते ते आधी पाहावे आणि मागचे माप त्याला धरून ठरवावे.

त्याआधी गाडीचे पुढचे आणि मागचे वजन माहीत हवे. खानदेशात ही सोय गावोगाव आहे: केळीचे आणि कापसाचे ट्रक ज्या वजनकाट्यावर जातात, त्याच काट्यावर आधी पूर्ण गाडीचे आणि मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून वजन करावे, वजाबाकी केली की मागच्या चाकांवरचा भार मिळतो. चालक गाडीत बसलेला असावा आणि टाकी साधारण अर्धी भरलेली असावी. ट्रकच्या काट्यावर पाच-दहा किलोंचा फरक पडतो, पण या कामाला तेवढी अचूकता पुरते.

भाराला एवढे महत्त्व असण्याचे कारण टायरच्या स्वभावात आहे. टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे जड बाजूचा टायर वळणात आधी हार मानतो. टायर जमिनीला जेवढ्या क्षेत्रावर टेकतो, ते क्षेत्र प्रामुख्याने भार आणि हवेचा दाब यांवर अवलंबून असते. रुंदी वाढवल्याने ते फारसे वाढत नाही, तर लांबीला कमी आणि रुंदीला जास्त होते. मात्र त्यामुळे स्टिअरिंगला प्रतिसाद लवकर मिळतो आणि उष्णता अधिक रबरात वाटली जाते. पोर्शे ९११ चे इंजिन मागच्या आसाच्याही मागे असते आणि सुमारे साठ टक्के वजन मागे येते, म्हणून ९९२ पिढीच्या कॅरेराला पुढे २३५/४० आर १९ आणि मागे २९५/३५ आर २० असा मोठा फरक कंपनीनेच दिला आहे (पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, आणि आर नंतरचा रिमचा व्यास इंचांत). तोच फरक पुढे इंजिन असलेल्या आणि निम्मे-निम्मे वजन असलेल्या गाडीवर नकलला तर ती वळणात नाक बाहेर काढते. ऑक्टाव्हिया आरएससारख्या, पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत तर मागे रुंद टायर लावण्यात काही अर्थच नाही. तिला चारही चाकांना एकच माप ठेवावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला कंपनी मागे रुंद टायर देते ते इंजिनची ताकद पेलण्यासाठी, आणि तितकेच, सामान्य चालकाच्या हातून गाडीचा मागचा भाग सहसा घसरू नये म्हणूनही. रस्त्यावर हे योग्यच आहे. ट्रॅकवर मात्र पुढचे टायर सतत कडेवर रगडले जाऊन लवकर संपतात, आणि पुढचे-मागचे माप वेगळे असल्यामुळे त्यांची अदलाबदलही करता येत नाही.

आता प्रत्यक्ष हिशेब. टायरचा व्यास काढण्यासाठी रुंदीला दुसऱ्या आकड्याच्या टक्क्याने गुणून दुप्पट करावी आणि त्यात रिमचे इंच २५.४ ने गुणून मिळवावेत. बीएमडब्ल्यू एम२ कॉम्पिटिशनला पुढे २४५/३५ आर १९ आणि मागे २६५/३५ आर १९ टायर येतात. पुढचा व्यास ६५४.१ मिमी, मागचा ६६८.१ मिमी, म्हणजे मागचा पुढच्याच्या १.०२१ पट. हे गुणोत्तर जपणे रुंदी निवडण्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण एबीएस आणि स्थिरता-नियंत्रण प्रणाली चारही चाकांच्या फिरण्याची सतत तुलना करतात. चारही चाकांना २६५/३५ आर १९ बसवले तर गुणोत्तर १.००० होते; मागची चाके अपेक्षेपेक्षा सुमारे दोन टक्के अधिक फिरताना दिसतात, आणि प्रणाली त्याचा अर्थ मागची चाके घसरत आहेत असा लावू शकते. फक्त पुढे २५५/३५ आर १९ (६६१.१ मिमी) घेतले तर गुणोत्तर १.०११ राहते, रुंदीतला फरक वीसवरून दहा मिलिमीटरवर येतो आणि नवीन रिमही घ्यावे लागत नाहीत. पहिले पाऊल म्हणून माझी पसंती यालाच आहे. पुढे २६५/३० आर १९ आणि मागे २८५/३० आर १९ ही जोडी गुणोत्तर १.०१९ वर, म्हणजे मूळच्या जवळ ठेवते. मात्र मागचा व्यास २.२ टक्क्यांनी घटतो, त्यामुळे स्पीडोमीटर अधिक वेग दाखवतो आणि गिअर थोडे आखूड लागतात. मूळ गुणोत्तरापासून साधारण एक टक्क्याहून दूर जाऊ नये, असा साधा दंडक पाळावा. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत तो अधिक कडकपणे पाळावा, कारण तिथे व्यासाचा फरक पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा ट्रान्सफर केसमधला क्लच किंवा मधला डिफरन्शिअल अखंड झिजवत राहतो.

टायरच्या बाजूवरचा भारांकही मूळपेक्षा कमी नसावा. ९३ म्हणजे एका टायरला ६५० किलो. त्यापुढचे वाय हे अक्षर ताशी ३०० किलोमीटरची मर्यादा सांगते.

रिमची रुंदी टायरला साजेशी असावी. २६५/३५ आर १८ या टायरला साधारण ९ ते १०.५ इंची रिम चालते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर त्याच्या भिंती आत झुकतात आणि वळणात टायर डुलतो, म्हणजे रुंदीसाठी मोजलेले पैसे वाया जातात. अर्धा इंच रिम वाढली की टायरची रुंदी सुमारे पाच मिलिमीटरने वाढते. ऑफसेट (रिमची मध्यरेषा आणि ती गाडीला टेकते ती बाजू यांतले अंतर) तोच ठेवून रिम एक इंच रुंद केली तर आत आणि बाहेर प्रत्येकी १२.७ मिमी जागा अधिक लागते. आतल्या बाजूला सस्पेन्शनचा स्ट्रट, बाहेरच्या बाजूला फेंडरची कड आणि रिमच्या पोटात ब्रेकचे कॅलिपर, या तिन्ही ठिकाणी पाहावे. नुसते जॅकवर चाक फिरवून बघणे पुरेसे नाही. फेंडरच्या आत शाडूच्या मातीचे पातळ थर लावून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवत गाडी एखाद्या उंचवट्यावरून हळू न्यावी. माती जिथे दबली असेल तिथे टायर घासणार आहे.

आपल्याकडच्या चालकाला आणखी एक अडचण आहे. ट्रॅक दूर आहेत: बुद्ध सर्किट ग्रेटर नोएडाला, कारी मोटर स्पीडवे कोइम्बतूरला. म्हणजे गाडी ट्रेलरवर नेत नसाल तर ट्रॅकचेच टायर हजार किलोमीटरांहून अधिक महामार्ग कापून जाणार आणि परतही येणार. २६५/३० टायरची भिंत ७९.५ मिमी असते, मूळ २४५/३५ ची ८५.७५ मिमी. आकड्यात हा फरक किरकोळ वाटतो, पण रात्रीच्या वेळी न दिसलेल्या खड्ड्यात रिम वाचणार की वाकणार हे तेवढ्यावरही ठरू शकते. शिवाय २०२० पासून नव्या टायरच्या आयातीवर परवान्याचे बंधन आहे, त्यामुळे दुर्मीळ माप निवडून एक टायर फुटला तर जोडीचा टायर मिळेपर्यंत गाडी उभी राहते. जळगाव-धुळ्यात १९ इंची टायर बहुधा मागवूनच घ्यावा लागतो. माप पक्के करण्याआधी तो भारतात किमान दोन कंपन्यांचा मिळतो का, हे विचारून घ्यावे, आणि टायरवरचा चार आकडी शिक्काही पाहावा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा.

बसवल्यानंतर पारख ट्रॅकवरच होते. खानदेशात पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत हवेचा फरक मोठा असतो, आणि तापमान साडेपाच अंशांनी वाढले की दाब सुमारे एक पीएसआय वाढतो. म्हणून घरी भरलेल्या थंड दाबावर विसंबू नये, काही फेऱ्या मारून पिटमध्ये आल्यावर लगेच गरम दाब मोजावा आणि चारही टायर तिथे जुळवावेत. त्याच वेळी सुईचा तापमापक रबरात टोचून आत, मध्ये आणि बाहेर असे तीन आकडे घ्यावेत. प्रकाशाने मोजणारी बंदूक फक्त पृष्ठभाग दाखवते. मध्यभाग सर्वांत तापला असेल तर हवा जास्त आहे. बाहेरची कड तापून झिजत असेल तर टायर आणखी रुंद करण्याआधी कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल; उणे म्हणजे वरची बाजू आत) पाहावा, कारण ट्रॅकवर पुढे उणे दोन ते तीन अंश लागणे नेहमीचे आहे. हे सगळे जुळल्यावरही पुढचे टायर मागच्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त तापत असतील आणि गाडी वळणाच्या मध्यावर बाहेर ओढत असेल, तरच पुढे आणखी दहा मिलिमीटर रुंदी घ्यावी. उलट, रुंदीतला फरक कमी केल्यावर गाडीचा मागचा भाग हलका वाटू लागला तर आधी मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडीचे कलणे रोखणारी दांडी) एक टप्पा मऊ करावा. एवढ्याने भागले नाही, तरच मागे दहा मिलिमीटर वाढवावेत आणि व्यासाचे गुणोत्तर पुन्हा काढून पाहावे.