साताऱ्याच्या आकाशात उपग्रह मांडताना या चुका टाळा

शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रकल्प तपासायला बसलो की एखादा तरी गट 'नाविक'सारखी, म्हणजे भारताच्या स्वतःच्या जीपीएससारखी, उपग्रहांवर चालणारी प्रादेशिक दिशादर्शन प्रणाली मांडून आणतो. हा विषय मुलं निवडतात याचा मला मनापासून आनंद आहे. चुका मात्र ठरलेल्या असतात, आणि बहुतेक पहिल्याच पानावर होतात.

'चार उपग्रह पुरेत' ही त्यातली पहिली. अक्षांश, रेखांश, उंची आणि रिसीव्हरच्या घड्याळातली चूक, अशा चार अज्ञात राशी, म्हणून चार उपग्रह. हिशोब बरोबर आहे, पण एक बंद पडला की सगळंच बंद. नाविकची मूळ रचना सातांची आहे: तीन भूस्थिर (पृथ्वीबरोबर फिरत आकाशात एकाच जागी दिसणारे), आणि चार विषुववृत्ताशी २९ अंश कललेल्या कक्षांत.

'मग सगळेच भूस्थिर का नकोत?' हा पुढचा प्रश्न. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या डोक्यावर असतात आणि सातारा आहे साडेसतरा अंशांच्या थोडा वर. म्हणजे ते सगळे आपल्याला दक्षिणेकडच्या एकाच कमानीत दिसणार. शेतातला आंबा नकाशावर बसवायचा तर दोन्ही टेप जवळजवळ एकाच दिशेने ओढून भागत नाही, एक आडवी लागते. कललेले उपग्रह आकाशात इंग्रजी आठाचा आकडा काढत उत्तरेकडेही येतात. ती आपली आडवी टेप.

पण तेच दक्षिणेकडे उतरतात तेव्हा? एका गटाला घेऊन मी अजिंक्यतारा किल्ल्याच्या डोंगराच्या उत्तर पायथ्याशी, अगदी शेवटच्या घरांपाशी गेलो. ५५ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह दक्षिण टोकाला असताना साताऱ्यातून क्षितिजाच्या वर जेमतेम ३२ अंशांवर असतो. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे सुमारे १० अंश. मुलांनी एकावर एक तीन मुठी मोजल्या, तरी समोर डोंगरच. सिम्युलेशनमध्ये त्यांनी क्षितिजाच्या वर ५ अंशांपासूनचं सगळं आकाश मोकळं धरलं होतं!

सगळ्यात महागात पडते ती घड्याळाकडे केलेली डोळेझाक. उपग्रहाचं अंतर संदेशाला लागलेल्या वेळेवरून काढतात, म्हणून एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात ३०० मीटरची चूक. नाविकच्या पहिल्या उपग्रहावर, आयआरएनएसएस-१ए वर, परदेशातून आणलेली तीन रुबिडियम घड्याळं (अतिशय अचूक अणुघड्याळं) होती. २०१६-१७ च्या सुमारास तिन्ही बंद पडली. उपग्रह जागेवर होता, पण स्थान सांगण्याच्या कामाचा राहिला नाही. त्याच्या जागी पाठवलेला १एच ऑगस्ट २०१७ मध्ये रॉकेटचं उष्णता-कवच न सुटल्यामुळे आतच अडकला. पुढे १आय एप्रिल २०१८ मध्ये गेला, आणि भारतीय बनावटीचं रुबिडियम घड्याळ २९ मे २०२३ ला नाविकच्या नव्या पिढीच्या एनव्हीएस-०१ या उपग्रहावर चढलं. मुलं आराखड्यात 'प्रत्येक उपग्रहावर तीन घड्याळं' एवढं लिहून मोकळी होतात. एकाच बनावटीची तीन घड्याळं एकाच दोषाने जाऊ शकतात. राखीव घड्याळ वेगळ्या बनावटीचं ठेवा.

आयनांबराकडे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराकडे, दुर्लक्ष करू नका. भारतावर ते फार चंचल असतं. त्यातून जाताना संदेशाला होणारा उशीर वारंवारितेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून नाविक मुळात एल-५ (११७६.४५ मेगाहर्ट्झ) आणि एस (२४९२.०२८ मेगाहर्ट्झ) असे दोन पट्टे वापरते. दोन्हींची तुलना केली की उशीर काढून टाकता येतो. फक्त एल-५ चा रिसीव्हर धरणार असाल, तर दुरुस्तीचं प्रारूप सोबत द्याच.

आता उत्तर चुकत असेल तर कुठे बघायचं?

सगळी स्थानं पूर्वेला पन्नासेक मीटर सरकलेली दिसली, तर पृथ्वीचं फिरणं विसरलात. संदेश यायला ०.१२ सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात सातारा सेकंदाला ४४३ मीटर वेगाने पूर्वेकडे निघालेला असतो. ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे.

उंचीच तेवढी बिघडत असेल, तर उपग्रहांची मांडणी तपासा. भिंतीजवळ स्थान उड्या मारत असेल, तर परावर्तित संदेश. आणि ठरावीक वेळीच चूक वाढत असेल, तर त्या वेळी कोणता उपग्रह डोंगराआड जातो ते आधी शोधा. त्यासाठी होकायंत्र घेऊन गच्चीवर जा आणि मुठी मोजा.