मैत्रिणीबरोबर परदेशी म्युझियम बघायला जायचंय? मग आत गेल्यावर वेगळ्या व्हा

आधी एक सकाळ पुण्यातच काढा. शुक्रवार पेठेतल्या राजा केळकर संग्रहालयात दोघी जा आणि घड्याळ न बघता हिंडा. आम्ही गेलो तेव्हा माझी मैत्रीण अडकित्त्यांपुढे पाऊण तास उभी होती, एकेकाचा आकार वहीत उतरवत. तेवढ्यात मी सगळे मजले पालथे घालून खाली येऊन बसले होते. इतक्या वर्षांच्या मैत्रीत हा फरक कधी लक्षातच आला नव्हता.

तरीही पॅरिसला पहिल्या दिवशी लूव्रमध्ये आम्ही एकमेकींना धरूनच फिरलो. ती थांबली की मी ताटकळायची, मी पुढे गेले की तिची ओढाताण. पाच तासांनी बाहेर आलो तेव्हा दोघीही गप्प होतो. त्या रात्री ठरवलं ते असं: दारातून आत एकत्र जायचं, भेटायची वेळ आणि जागा पक्की करायची आणि दोन तास वेगवेगळं फिरायचं. भेटल्यावर कॉफी, आणि मग प्रत्येकीने दुसरीला फक्त एक चित्र दाखवायला न्यायचं. एकच. निवडायचं म्हटलं की माणूस नीट बघतो.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. विमा किमान ३०,००० युरोंचा हवा आणि पासपोर्ट परतीनंतर तीन महिने तरी चालू हवा. खाऊ नेताना भाजणी, मेतकूट खुशाल न्या. पेढे-बर्फी नको, दुधाचे पदार्थ तिकडे नेता येत नाहीत.

वेळापत्रक मात्र जिवापाड सांभाळा. लूव्र मंगळवारी बंद, पॅरिसचंच दुसरं म्युझियम ओर्से सोमवारी. बुधवारी आणि शुक्रवारी लूव्र रात्री नऊपर्यंत उघडं असतं, ओर्से गुरुवारी पावणेदहापर्यंत. शक्यतो संध्याकाळीच जा, गर्दी ओसरलेली असते. ओर्से हे मुळात १९०० सालचं रेल्वे स्टेशन, तिथलं ते मोठं घड्याळ भेटायला उत्तम खूण. ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियमचं तिकीट ऑनलाइनच, वेळ ठरवूनच काढावं लागतं. ते इथूनच काढून ठेवा. एका दिवसात एकच मोठं म्युझियम. दोन केलीत तर दुसऱ्यात तुम्ही फक्त बाक शोधाल.

पाठीवर मोठी सॅक नको. छोटी वही आणि पेन्सिल हवीच. वाईट चित्र निघालं तरी चालेल, हात चालला की डोळा थांबतो.

आमच्या ठरावाचं चीज झालं ते ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये. कॉफीनंतर मैत्रीण मला डच चित्रकार फर्मेरच्या दूध ओतणाऱ्या बाईच्या चित्रापुढे घेऊन गेली. चित्र हातभरसुद्धा नाही, जेमतेम ४५ सेंटिमीटर उंच. मी सकाळी त्यावरून पुढे गेले होते. निळं ॲप्रन, पाव, दुधाची धार बघून. ती म्हणाली, "अगं, वर भिंतीकडे बघ." पांढऱ्या भिंतीत एक खिळा होता आणि त्याची बारीकशी सावली. शेजारी उपटलेल्या खिळ्यांची भोकं. अगदी आमच्या जुन्या वाड्यातल्या स्वयंपाकघराची भिंत. तीनशे साठ वर्षांपूर्वी कुणीतरी ते भोकही मन लावून रंगवलं होतं.

मग मी तिला रेम्ब्रांटच्या 'ज्यू वधू' या चित्राकडे नेलं आणि बाजूला, तिरकं उभं केलं. तिथून चित्रातल्या पुरुषाच्या सोनेरी बाहीवरचा रंग लिंपल्यासारखा जाड, उंचसखल दिसतो. ती बराच वेळ तिथेच उभी राहिली, आणि या वेळी मला कुठेही जायची घाई नव्हती.